रिकामी छागल

धुरपता: खोटं बोलताव तुमी, पाळकसाहेब. येशूचं नाव घेऊन गावोगाव हिंडताव, आन् त्यानं केलेली एक साधी गोष्ट तुमच्यानं व्हईना.

मारोती: आगं, मानूस मुरुडहून सायकल मारत आलाय. जरा दम तर खाऊ दे.

धुरपता: चार ऐतवार ह्याच बाजेवर दम खाल्लाय त्येंनी.

पाळक: धुरपताबाई, चुकलं काय माझं? रविवारी तुमचा बाप्तिस्मा. चर्चच्या मंडळीनं हौदात कसंबसं पाणी साठवलंय. तुमचं मन ठरलं ना, एवढंच विचारायला आलो.

धुरपता: माझं ठरलंय. तुमचं इचारायचंय.

मारोती: झालं. जिल्हा नवा झाला, हापिसात भरती निघाली, तवापासून ज्याला त्याला मुलाखती घ्यायची हौस आलीय.

धुरपता: तुमी गप बसा. पाळकसाहेब, ती हिरीवरली बाई सांगा पुन्यांदा.

पाळक: ती? भर दुपार होती. येशू चालून थकला, विहिरीच्या काठावर बसला. बाई एकटीच पाणी भरायला आली. तिच्या लोकांच्या हातचं त्याच्या लोकांत चालत नव्हतं. तरी तो तिलाच म्हणाला, बाई, मला पाणी दे.

मारोती: पाच नवरे झालते तिला.

पाळक: तेवढं बरं लक्षात राहिलं तुमच्या.

मारोती: ऱ्हाईलच की. हितं एकाचंबी घरात चालंना.

धुरपता: माझ्या ध्यानात त्याचं मागणं ऱ्हायलं. पन्नाशी आली, मला कुनी पाणी मागितलं न्हाई. पाटलाच्या आडावर लांब हुबी ऱ्हायचे. कुनाला दया आली तर वरून वतायचं. मागं साहेब आले दुष्काळ बघायला. मांगवाड्यात फोटू काढला, आन् सरबत प्यायला पाटलाच्या वसरीत गेले. देवांचंबी तसंच. नारळ मागितला, कोंबडं मागितलं, बकरं मागितलं. माझ्या हातचं पाणी एकानंबी न्हाई. ह्यानं मागितलं. तवाच म्या ठरीवलं, जायाचं तर ह्याच्या मागं.

पाळक: मग अडलंय कुठं?

धुरपता: तुमच्या काखंतल्या ह्या पाण्याच्या कापडी छागलीत. चार येळा म्या इचारलं, पाणी देऊ का. चारी येळा तुमी ती दावली.

पाळक: बाई, टँकर तीन दिवसांनी येतो. तुमच्या वाट्याचं पाणी मी कसं पिऊ?

धुरपता: त्यानं इचारलं का, हिरीला किती पाणी ऱ्हायलंय?

मारोती: सापडलाव, साहेब. मी रोज सापडतोय.

पाळक: शिवाय डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलंय.

धुरपता: उकळून देते. आनिक?

पाळक: माझी छागल भरलेली आहे. उगीच कशाला तुमचं...

धुरपता: भरली छागल झिरपती. आल्यापासनं मांडीवर घेऊन बसलाव, आन् पँट कोरडी ठाक. व्हट उललेत तुमचे. उघडा बूच.

(पाळक छागल पालथी धरतात. काहीच पडत नाही.)

मारोती: लई बेस. आमच्या टँकरचा भाऊच म्हनायचा.

पाळक: सकाळीच संपली. खरंय तुमचं. मी खोटं बोललो.

धुरपता: माझं पाणी बाटतं म्हनून?

पाळक: नाही हो. शाळेत असताना एकदा फार तहान लागली. मास्तरांच्या माठातलं पाणी मागितलं. त्यांनी साऱ्या वर्गासमोर मला अंगणात बसवलं, ओंजळ धरायला लावली आणि वरून ओतलं. अर्धं नाकात गेलं. पोरं हसली. त्या दिवशी आई म्हणाली, जीव गेला तरी कुणाच्या दारात पाणी मागू नको. पुढं किनवटला वसतिगृहात गेलो, पाळक झालो. पण अजून कुणी ‘पाणी देऊ का’ म्हटलं, की आधी ओंजळ पुढं होते. ती कुणाला दिसू नये म्हणून ही छागल.

मारोती: म्हंजी तुमी आपल्यातलेच?

पाळक: तुमच्यातलाच.

मारोती: आन् म्या चार ऐतवार बाज झटकून दिली की, मोठ्या जातीचा मानूस आलाय म्हनून.

पाळक: द्या बाई पाणी. पितो.

धुरपता: देत न्हाई.

मारोती: आता गं काय?

धुरपता: द्यायला म्या चारदा आले. तुमी मागा. त्यानं मागितलं तसं. ऐतवारी तुमी मला डोक्यासकट पाण्यात बुडवनार, ते मी घेनार हाय तुमच्या हातून.

पाळक: आणि मला मागता आलंच नाही, तर?

धुरपता: तरी मी त्याच्या मागं निघाले. तुमच्यासाठी थांबायची न्हाई. हा तांब्या भरलाय. वरून वतायचं न्हाई, तोंड लावून प्यायचं. हात अवघडला माझा, पाळकसाहेब. मागताव का?