मरून कोटाचं गिऱ्हाईक

सून : परत उसवलात? आई, खरं सांगा, मरून कोट परत उसवलात ना?

सासू : उजव्या खांद्याला जरासा. आतून पॅड घालायचं होतं.

सून : कोणी सांगितलं घालायला?

सासू : त्या बाईंनी लिहिलं होतं ना. तूच वाचून दाखवलंस.

सून : मी वाचून दाखवलं ते हसण्यासाठी, शिवण्यासाठी नाही. तिने अजून एक पैसा पाठवलेला नाही. आपलं काय ठरलं होतं? आधी पैसे, मग सुई.

सासू : माप दिलं म्हणजे गिऱ्हाईक झालं. दुकानात आम्ही असंच धरायचो.

सून : दुकानात माणूस समोर उभं असायचं, आई. टेप लावून घेतल्यावर पळून जायची लाज वाटायची त्याला. फोनवर कसली आलीय लाज? ‘माझाच समजा हं ताई’ म्हणायचं आणि गुडूप व्हायचं. राखाडी कोटाचं काय झालं, आठवतंय ना?

सासू : कमरेत घेतला.

सून : नुसता घेतला नाहीत, आतलं जास्तीचं कापडही कापून टाकलंत, शिवण सुबक दिसावी म्हणून. ती काडीसारखी बाई झाली गायब. आता तो कोट जगात तिला एकटीलाच बसतो, आणि ती माझा फोन उचलत नाही.

सासू : शिवण मात्र छान बसली होती.

सून : आणि पैसे पाठवल्याचा फोटो पाठवणारी? फोटो बघून तुम्ही पार्सल बांधायला घेतलंत. मी बँकेत बघते तर भोपळा.

सासू : फोटोत हिरवी खूण होती गं.

सून : हिरव्या खुणा मीही काढून देते, किती हव्यात सांगा. दिवसभर माझं हेच चाललंय. ‘किंमत काय?’ अहो, फोटोखाली लिहिलीय. ‘कमी किती होईल?’ ‘नवऱ्याला विचारून सांगते.’ आठवडा लागतो विचारायला, नवरा काय चंद्रावर असतो? वर काल तुमच्या लेकानेही ऐकवलं.

सासू : काय म्हणाला?

सून : घरात पाय ठेवायला जागा नाही. दुकानातले उरलेले सगळे कोट गठ्ठ्याने देऊन टाकतो आणि मशीनपण. मी म्हटलं, थांबा, एक तरी विकून दाखवते. आता कुठे खरं गिऱ्हाईक मिळालंय. दवाखान्यातल्या नर्सबाई आज दुपारी रोख पैसे घेऊन यायचं म्हणताहेत. त्यांना मरूनच हवाय.

सासू : मरून नाही देता येणार.

सून : का?

सासू : त्या बाईंना शब्द दिलाय.

सून : फूलवालीला? जिने स्वतःच्या तोंडाऐवजी फुलाचा फोटो लावलाय, तिला? आई, मशीन हातची चाललीय तुमची. कळतंय ना?

सासू : कळतंय.

सून : थांबा, सगळं वाचूनच दाखवते. ‘कोट कोणी शिवलाय?’ मी लिहिलं, सासूबाईंनी. तर म्हणे, ‘गडद कापडावर शिवताना त्यांना दिसतं का नीट?’ मी लिहिलं, छान दिसतं, पैसे कधी पाठवताय? उत्तर नाही. दोन दिवसांनी ‘आतला खिसा उजवीकडे करून मिळेल का?’ मी म्हटलं, मिळेल, पैसे? तर म्हणे, ‘मशीन अजून पायाचीच आहे का?’ आमची मशीन पायाची असो नाहीतर डोक्याची, हिला काय करायचंय?

सासू : मग तू काय लिहिलंस?

सून : पायाचीच आहे म्हटलं. गुडघे दुखतात, तरी सोडत नाहीत.

सासू : हे मला नव्हतं सांगितलंस.

सून : त्यात काय सांगायचं? पुढे ऐका. ‘गुडघ्यांना काय लावतात?’ रिकामटेकडी आहे हो. घेणं नाही, देणं नाही, नुसत्या चौकशा. मी तिला ब्लॉक करतेय. आत्ता, तुमच्यासमोर.

सासू : फोन खाली ठेव.

सून : अहो, पण...

सासू : ठेव म्हणते ना.

सून : ठेवला. एवढं चिडायला काय झालं?

सासू : थोरली लहानपणी जिन्यावरून पडली होती. उजव्या खांद्याचं हाड बसवलं, ते जरा खालीच बसलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कपड्यात मी उजवीकडे पॅड घालत आले. आतून, कोणाला दिसू नये असं.

सून : थोरल्या वन्सं? आई, उतरता खांदा काय, कोणाचाही असतो.

सासू : असतो. डावखुऱ्या बायकाही पुष्कळ असतात, उजवीकडे खिसा मागणाऱ्या. पण बाहीचं माप तिने मानेच्या मणक्यापासून दिलंय. सगळे खांद्यापासून देतात. मानेपासून घ्यायची सवय माझी, आणि शिकवलंय मी फक्त तिला.

सून : म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?

सासू : मापं वाचलीस तेव्हा कळलं.

सून : आणि मला रोज तिच्याशी, म्हणजे त्यांच्याशी, भांडू दिलंत.

सासू : तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. दुकान विकताना दोघं एकमेकांना नको ते बोलले. ती सही करून गेली ती गेलीच. तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. अजून तिचं नाव काढलं की तो ताटावरून उठतो.

सून : उठतात. मी काढलं होतं एकदा. पण मग वन्सं सरळ फोन का करत नाहीत? आईशी बोलायचंय म्हणायचं. कोट कशाला मागायचा?

सासू : भावाने उचलला तर? शिवाय आमच्या घरात नुसतं असं कोणी बोलतच नाही. हातात कापड लागतं.

सून : बरं, पण मग पैसे का नाही पाठवत? एवढे काही जड नाहीत.

सासू : पैसे पाठवले की कोट पाठवावा लागेल. कोट पोचला की कशाबद्दल लिहील ती?

सून : हं.

सासू : मला फार आठवण येते गं तिची. डोळ्यांबद्दल विचारलं म्हणालीस, त्या रात्री मी झोपले नाही.

(फोन वाजतो.)

सून : नर्सबाई आहेत. हॅलो. हो, बोला ना. नाही हो, मरून कोट गेला. आत्ताच. घरच्याच माणसाने घेतला. राखाडी एक आहे, पण त्याला बाई अगदी काडीसारखी लागते. नाही ना? बरं. राग मानू नका हं. ठेवते.

सासू : हातचं गिऱ्हाईक घालवलंस. आता त्याला काय सांगशील?

सून : विकला म्हणून सांगेन. पैसे उद्या येतील म्हणेन, परवा विचारलं तर परत उद्या. या बायकांकडून एवढं तरी शिकलेय मी. मशीनला हात लावू देणार नाही, तुम्ही काळजी करू नका.

सासू : बघ बाई.

सून : आता वन्संना काय लिहू? आईंनी तुम्हाला ओळखलंय, असं लिहू?

सासू : नको, नको. बिचकेल. परत लिहिणार नाही.

सून : मग?

सासू : लिही की बाहीचं माप पुन्हा एकदा नीट घेऊन कळवा.

सून : का, चुकलंय का माप?

सासू : नाही. बरोबर आहे.