मावळतीआधीचा डबा

१९३४ साल, बेळगावची कलेक्टर कचेरी. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी निपाणीचे जैन बापलेक दुपारपासून ताटकळत होते. लेकाला विलायतेला शिकायला जायचं होतं. पासपोर्टासाठी बापाने साहेबासमोर सही करायची होती.

“आप्पा, सही करणार न्हवं?”

“जिनपाल, तिथं थंडीत दिवस चारलाच मावळतो म्हणं. मग तू जेवणार कवा? दिवस मावळल्यावर जेवायचं न्हाय, असं आईला वचन दिलंयस.”

“वचन कशाला मोडतंय? इंग्रजाच्या राज्यावर दिवस मावळतच न्हाय. पुस्तकात छापलंय!”

“अरं गाढवा, निपाणीबी त्येच्याच राज्यात हाय! मग मी जल्मभर उजेडातच भाकरी गिळतोय ते कशापायी?”

“तुम्ही इंग्रजी शिकला न्हाईसा, आप्पा.”

“बरं झालं. डबा सोड, भूक लागलीया.”

“जरा दम काढा. साहेब आत्ता बोलावंल.”

बऱ्याच वेळाने शिपाई बाहेर आला.

“साहेब मागल्या दारानं क्लबात गेलं. उद्या या.”

“घ्या आप्पा, सोडला डबा. खावा.”

“आता? अंधारलं की रं.”

“साहेबाच्या कचेरीत बसलाय. खावा बिनघोर.”

“वर बघ. त्यो शिपाई समोरल्या छपरावर काय करायलाय?”

“झेंडा उतरवायलाय.”

“का?”

“…दिवस मावळला की उतरवत्यात.”

“म्हंजे साहेबाला ठावं हाय, तुझ्या पुस्तकालाच न्हाय. बांध डबा.”