न चाखलेले टार्ट

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या देवळात रामनवमीचं कीर्तन संपलं. प्रसादाच्या रांगेत वसुमतीअक्का अजून शेवटचा अभंग गुणगुणत होत्या. पुढे पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं कुजबुजत होतं.

"शुभंकर, मी साखर घातलीच नाही!"

"कशात?"

"आंब्याच्या टार्टमध्ये. पुडा ओट्यावर तसाच आहे, फोडलासुद्धा नाही. आत्ता आठवलं."

"मग बेक झाल्यावर एक चाखायचा ना!"

"नैवेद्याचं कोणी चाखतं का? संक्रांतीच्या तिळाच्या कुकीजही न चाखताच दिल्या होत्या."

"त्या तर मस्त झाल्या होत्या."

"त्यांत गूळ होता! बघ, पहिला टार्ट बुवांनाच दिला. दोन तास गायले बिचारे, आणि तोंडात काय, तर आंबट गर!"

"रामाने खाल्ला ना?"

"राम काय बोलतोय! बुवा बोलतील, तेही पुढच्या कीर्तनात, दृष्टांत म्हणून. खाल्ला का रे? मला नाही बघवत."

"डोळे मिटलेत त्यांनी."

"गेलं सगळं."

"थांब, हात परत ताटाकडे गेला. मुग्धा, दुसरा उचलला!"

वसुमतीअक्कांनी मागून शुभंकरच्या पाठीवर टपली मारली.

"अरे बाबा, बुवांनी तिसरा उचलायच्या आत स्वल्प पुढं सरक की!"