पाव आणि अर्धा मिळून किती?

सन्माननीय अध्यक्ष अभिजीत सर, व्यासपीठावरचे पाहुणे, सामरवरणी-नरोलीहून सुट्टीचा दिवस मोडून आलेले पालक, गप्प बसा म्हटल्यावर जास्तच बोलणारी आमची मुलं आणि सत्कारमूर्ती कुसुमबाई,

मी भास्कर, गणिताचा मास्तर. मोजकंच बोलतो, असं घरचे सोडून सगळे म्हणतात.

बाई सिल्वासात आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाकं भिंतीला लावली. पाण्याची वाफ कशी होते? अंगाने दाखवा! कुणालाही ठरलेली पावलं शिकवायची नाहीत, ज्याचं त्याने शोधायचं. शेजारच्या वर्गात मी पाढे घेत होतो आणि भिंतीपलीकडे चाळीस ढग गडगडत होते. माझी मुलं विचारायची, "सर, आपण कधी नाचायचं?" खरं सांगतो, मला राग यायचा. राग कसला, पोटदुखीच ती!

चार वर्षांपूर्वी धाग्याच्या कारखान्यातले आमचे चिंधाभाऊ तणतणत तिसरीच्या वर्गात आले. "बाई, मी पोरले शिकाले धाडस, नाचाले नही. दाखला द्या. हिले गावले लई जास." आणि गावी गेल्यावर शाळा? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांची लेक गुड्डी भिंतीला टेकून रडत होती. आवाज ऐकून मीही दारात येऊन उभा राहिलो.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, पाव अधिक अर्धा. गुड्डीने डोळे पुसत उत्तर लिहिलं, दोन षष्ठांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक मी वीस वर्षं लाल शाईने खोडत आलो, पण ती कुणाच्या डोक्यातून गेली नाही.

"आता अंगाने कर," बाई म्हणाल्या.

गुड्डी बापाकडे तोंड करून उभी राहिली. हात पसरून पाव गिरकी घेतली, खिडकीपाशी आली. मग अर्धी. तोंड थेट माझ्याकडे, दाराकडे. बापापर्यंत किती उरलं ते पाहिलं आणि ओरडली, "पाऊण!"

चिंधाभाऊ पुढे सरकले. "आनि आखो पाव फिरनी ते?"

ती फिरली, बापासमोर येऊन थांबली. "पुरं एक, बा!"

चिंधाभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "राहू द्या दाखला. मालेबी आज समजनं," म्हणाले. तीच गुड्डी आता सातवीत आहे, तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे.

पण चिंधाभाऊंना नाचाचं सांगितलं कुणी? बाईंनी हे कधीच विचारलं नाही. आज सांगतो. नरोलीच्या टपरीवर चहा पिता पिता, मीठमसाला लावून, मी सांगितलं होतं. एका पोरीची शाळा माझ्या पोटदुखीपायी सुटणार होती. त्याची लाज मला अजून वाटते.

बाई उद्या आपल्या गावी, कोकणात परततील. त्यांचा नाचाचा तास बंद होणार का, असं पालक विचारतात. नाही होणार. सोमवारपासून तो मी घेणार आहे. गुडघे कुरकुरतात, मुलं हसतील, हसू देत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. टपरीवरच्या बोलण्याची माफी मात्र बाई, तुमच्याकडेच मागायची आहे. ती दिलीत, तर निघण्याआधी पाच मिनिटं वर्गात या. मला अजून पाव गिरकीसुद्धा धड घेता येत नाही.