पहारेकऱ्याचा चौथा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि 'पहारा' चाहता मंडळाचे सर्वेसर्वा माननीय ओस्मो लेहतोला, व्यासपीठावर बसलेले आणि एवढ्या उजेडाची सवय नसल्यामुळे डोळे मिचकावणारे बँडचे तिन्ही वादक, सत्कारमूर्ती गायक इल्पो सार्किला, आणि नखशिखान्त काळ्या कपड्यांत आलेल्या माझ्या सालस बंधुभगिनींनो,

सर्वप्रथम माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाकडे मी सभागृहाचं लक्ष वेधू इच्छिते. आमच्या इमारतीच्या सामायिक सौनात, त्या गरम वाफेच्या न्हाणीत, शुक्रवारची सात ते आठ ही पाळी माझी आहे. ह्या ओउलु शहरात माणसाला घर मिळतं, नोकरी मिळते, नेट लावला तर नवराही मिळतो; पण शुक्रवारची सातची पाळी मिळायला कुणीतरी मरावं लागतं. माझ्यासाठी चौथ्या मजल्यावरच्या बाई मेल्या, देव त्यांचं भलं करो. आणि मंडळाने समारंभ ठेवला कधी? शुक्रवारी, सहाला. ह्या क्षणी तिकडे दगड तापताहेत आणि मी इकडे गुणगौरव करतेय.

बरं, गुणगौरव तरी पहिला असावा? इल्पोचा हा चौथा निरोप. पहिल्या निरोपाला मी रडले. दुसऱ्याला रुमाल आणला, तो लागला नाही. तिसऱ्याला मी दुसऱ्याचंच भाषण वाचलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते, मी राउनी हिएताला, ज्या इमारतीखाली हा बँड तालीम करतो तिच्या गृहसंस्थेची अध्यक्ष. इमारतीखाली बॉम्बपासून बचावाचं काँक्रीटचं तळघर आहे. युद्ध होईपर्यंत त्यात सायकली, स्की आणि हेवी मेटल बँड ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मी बरोबर त्याच्या डोक्यावर राहते. 'पहारा' हा अल्बम तुम्ही कानांनी ऐकलात, मी तळपायांनी. त्यातल्या सात मात्रांच्या ठेक्यावर माझ्या कपबशा अजून थरथरतात, आणि जिना उतरताना सातव्या पायरीला माझा पाय आपोआप अडतो. पण त्या जाड छतातून एक गोष्ट कधीच वर आली नाही, ती म्हणजे इल्पोचा आवाज. खाली कुणी गातं आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

अल्बमच्या सुरुवातीला अवकाशयानाचा तो घरघरता श्वास आहे ना? एका जर्मन समीक्षकाने त्यावर चार पानं लिहिली. मरणाऱ्या संस्कृतीचं हृदय वगैरे. ते आमच्या तळघरातलं हवा खेचायचं यंत्र आहे. वीज गेली तर हाताने फिरवायचं. बाकी तिघांच्या हातात वाद्यं होती, तेव्हा ते कुणी फिरवलं असेल? आणि फिरवता फिरवता गायला कोण?

अल्बममधली गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी सांगते. सहाशे माणसं झोपवून एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघालंय. एक पहारेकरी जागा. पाळी संपली की त्याने विचारायचं, "पुढचा कोण?" कुणी उत्तर दिलं नाही, तर तोच पहारा पुढे चालवायला राजी आहे असं यानाच्या नियमात धरलं जातं. झोपलेली माणसं उत्तर देत नाहीत. त्याच्या खोलीचं दार फक्त बाहेरून उघडतं. तो म्हातारा होतो.

ह्यातलं तत्त्वज्ञान आउलिसला कुठे सापडलं, असं त्या गिटारवाल्याला प्रत्येक मुलाखतीत विचारतात, आणि तो खिडकीबाहेर बघतो. मी सांगते. तालमीची परवानगी हवी म्हणून तो आमच्या वार्षिक सभेला बसला होता. विषय सायकलींच्या छपराचा. मी विचारलं, कुणाचा विरोध? कुणी बोललं नाही. मी हातोडा आपटला, ठराव मंजूर. छपराला निम्म्या इमारतीचा विरोध होता, हे मला नंतर जिन्यात कळलं. आपल्या लोकांचं असंच आहे. आपण गप्प बसतो, आणि कुणीतरी टेबल ठोकतं.

तुम्हीही तेच करता. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी इल्पो तीनदा ओरडतो, "पुढचा कोण?" आणि हजारो माणसं श्वास रोखून गप्प राहतात. ही तुमची प्रथा. जगात कुठल्याच प्रेक्षकांना हे जमणार नाही, आपल्याला तालमीशिवाय जमलं. मग तो म्हणतो, "मग मीच," आणि दिवे जातात. एकोणीस वर्षं. दुसरं काही गायचा प्रयत्न त्याने दोनदा केला. तुम्ही सभ्यपणे टाळ्या वाजवल्यात आणि 'पहारा'ची वाट बघत राहिलात. किराणा दुकानात त्याला पहारेकरी म्हणतात. तो बालवाडीत शिक्षक आहे. तिथे मुलांना न्यायला येणारे बापसुद्धा त्याच्यापुढे दंड उघडा करून सही मागतात.

निरोपांचंही हेच झालं. कॉफी होते, वेलचीचा पाव होतो, भाषणं होतात, मग ड्रमवाला तार्मो सहज विचारल्यासारखं विचारतो, "म्हणजे एक शेवटचा दौरा करायला हरकत नाही ना?" इल्पो बुटांकडे बघतो. तार्मो काठीने टेबलावर ठक् करतो. झालं, आणखी दोन वर्षं.

मंगळवारी लेहतोलासाहेबांचा मला फोन आला. नोव्हेंबरचा दौरा ठरलाय, सभागृहं घेतली आहेत, तुम्ही फक्त भाषणाच्या शेवटी त्याला विचारा, तुम्हाला तो नाही म्हणणार नाही. खरं आहे. तो कुणालाच नाही म्हणत नाही. म्हणून तर मागे तो झाकलेला माईक उभा आहे. तो भाषणांसाठी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

फोन ठेवून मी इमारतीच्या धुणीघरात गेले, तर आमच्याच इमारतीत राहणारा इल्पो तिथे बालवाडीतली लाळेरी वाळत घालत होता. म्हणाला, बुधवारी तो चर्चच्या गायकवृंदात जातो. दुसऱ्या रांगेत, एका निवृत्त पोस्टमनच्या शेजारी. मी म्हटलं, तू? तिथे? एवढा मोठा गायक?

त्याने आणखी एक लाळेरं चिमट्याने अडकवलं. मग म्हणाला, "राउनी, मला असं गायचंय की मी मध्येच थांबलो तरी गाणं चालू राहील."

मी त्याला चिमटे दिले.

तेव्हा लेहतोलासाहेब, सांगितल्याप्रमाणे मी विचारते. इल्पोला नव्हे, सभागृहाला. आणि त्यासाठी पर्समधून हातोडा आणलाय. ठराव असा: इल्पो सार्किला यांची पाळी आज संपली असून त्यांना कोणत्याही दौऱ्यावर, सणावाराला अथवा वर्धापनदिनी पुन्हा बोलावलं जाणार नाही. कुणाचा विरोध?

साहेब, उठताय की खुर्ची सरकवताय? सरकवताय. बरं.

तार्मो, काठी खाली ठेव.

आउलिस? खिडकी त्या बाजूला आहे, हो.

बंधुभगिनींनो, किती सुंदर गप्प आहात तुम्ही.

ठक्. ठराव एकमताने मंजूर.

कॉफीसाठी महिला मंडळाचे, खुर्च्यांसाठी कामगार भवनाचे आणि ह्या शांततेसाठी आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. राहिला आहे हे मलाही माहीत आहे. धन्यवाद. माईक बंद करा.

झाला का बंद? इल्पो, इकडे ये. माझी बहीण केमी गावाहून आली होती त्या हिवाळ्यात तू मला तुझी सौनाची पाळी दिली होतीस. परत करायची राहिली, तू सारखा दौऱ्यावर. ही घे किल्ली. सात वाजलेत, पूर्ण तास तुझा. टॉवेल बाकावर ठेवलाय. ह्या मागच्या जिन्याने जा, लोक अजून गप्प आहेत तोवर.

आणि जिन्याखालचं ते दार जरा जड आहे, घाबरू नकोस. आतून उघडतं.