क्लेटनला चालेल अशी रेड

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावच्या वाइनच्या दुकानात ही भलीमोठी रांग. माझ्या पुढे म्हाताऱ्या अर्लीनबाई, गल्ल्यावर दुकानदार वेस.

“उद्या माझा मुलगा क्लेटन जेवायला येतोय. त्याला आवडेल अशी रेड वाइन दे.”

“क्लेटन? तो तर पक्का बिअरवाला!”

“हो ना. म्हणतो, रेड प्यायली की जीभ लाकडासारखी होते.”

“मग कॅबर्नेच्या वाटेला जाऊच नका. ही पिनो न्वार घ्या. हलकी आहे, तुरट नाही. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.”

“दुसरा ग्लास मागेल ना तो?”

“अहो, पिऊ द्या की त्याला बिअर! टर्कीबरोबर तीही चालते.”

“बिअर एकच पितो रे. कॅन संपला की गाडीची किल्ली हातात. गेल्या वर्षी गोड वाढायच्या आत निघून गेला.”

“रीनोला घरी पोचायचं म्हणजे घाट ओलांडून तीन तास. लवकर निघणारच.”

“पण दोन ग्लास वाइन पोटात गेली, की गाडीला हात लावायचा नाही तो. बापाचा अपघात झाल्यापासून शपथच घेतलीय त्यानं.”

“असं होय! मग ती पिनो द्या इकडे. ही झिनफँडेल न्या. आपल्या इथल्याच जुन्या वेलींची. ब्लॅकबेरीच्या मुरंब्यासारखी लागते, आणि अल्कोहोल चांगलं साडेपंधरा टक्के आहे.”

“दोन दे. सोमवारपासून त्याचा बिछाना घालून ठेवलाय. रोज नुसती उशी झटकते.”