रवळूतला ळ

…आणि वर खोकतंय! नव्वद मिनटांची मॅच, त्यात पंधरा मिनटं ह्याचा खोकला, पंधरा मिनटं ह्याचे शेर, आणि उरलेल्या येळात काय, तर 'मौसम बड़ा सुहाना है'… अरं, मौसम एवढा सुहाना हाय तर गच्चीवर जाऊन बस की, माइकफुडं कशाला बसलाईस? न्हाय, तुम्हीच सांगा मला. तुम्ही बघितलासा न्हवं टीव्हीवर फुटबॉल? कॉमेंट्रीला एक हिंदीवाला, एक इंग्रजीवाला, आणि दोघांच्या मधी एक तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हंजे कोण, तर गोल खाल्ल्यावर शांतपणानं सांगणारा, 'देखिए, यह गोल नहीं होना चाहिए था.' व्हय रं बाबा, आमास्नी वाटलं हुतं व्हायाच पायजे! हे सांगायला दिल्लीतनं माणूस कशाला लागतोय, आमच्या पिरनवाडीतली कुठलीबी म्हातारी सांगंल.

खरं माझं सोडा. मी आपला बघणारा माणूस, लोकाच्या घरात, लोकाच्या सतरंजीवर बसून. तुम्हाला सांगतो ते देवाप्पाचं. आमच्या गल्लीतला देवाप्पा, बेळगाव-निपाणी बसवरचा कंडक्टर. ह्या माणसाचा आवाज म्हंजे काय सांगू, बेळगावच्या स्टँडात 'संकेश्वर, निपाणीऽऽ' म्हणून वराडला की संकेश्वरातला माणूस पिशवी उचलतोय म्हणायचं. घरात बायको गंगव्वा आणि एकच पोरगा, रवळू. ह्यो रवळू लहानपणापासनं भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात बॉल बडवायचा. मोठा झाला, सरकारी कचेरीतली कारकुनी चालून आलती, ती सोडून बंगळूरच्या एका टीमात खेळायला गेला. भावकीनं लई बोलून घेतलं. 'बॉल बडवून पोट भरतंय व्हय? देवाप्पा, पोरगं वाया घालीवलंस.' तीन वर्सं बोलालते. सणाला, बारशाला, पाण्याच्या नळावर. देवाप्पा बाहेर असायचा, बसमधी, आणि ऐकायचं कुणी, तर गंगव्वानं. ती आपली घागर उचलायची आणि घरला यायची.

आणि पंच्याऐंशी साली काय झालं, रवळू राज्याच्या टीमात! लेफ्ट ब्याक! समोर बंगालची टीम, रविवारी चार वाजता, सगळी मॅच टीव्हीवर! मग देवाप्पा थांबतोय व्हय? आठ दिवस तिकीट फाडता फाडता एकच. 'एक हत्तरगी, दोन संकेश्वर, आणि रविवारी चार वाजता टीव्ही लावा, माझ्या पोराचं नाव येणार हाय.' अवो, पासवाल्याला सांगितलं, कोंबड्या घेऊन चढलेल्या बाईला सांगितलं, फुकट बसलेल्या पोलिसाला सांगितलं. तवा त्याच्या बसचा डायवर, निपाणीचा आण्णाप्पा, स्टेरिंगवरनं मान न वळवता म्हणाला, 'मुंग्यांगत बावीस माणसं पळत्यात, त्यात तुझं पोरगं कुठलं हे कुणाला कळणार? नाव घेतलं तर खरं.' झालं. तवापासनं नावच. त्या नावावर देवाप्पाची बेळगावपासनं निपाणीपतोरची अब्रू टांगली, आणि गंगव्वाचा नळ.

रविवारी साडेतीनलाच आम्ही गुंडू मास्तराच्या घरात. गल्लीत टीव्ही एकच, मास्तराचा, काळापांढरा, फळीच्या दाराचा. पडद्यावर असं पांढरं पांढरं, जसं कुणी पिठाची चाळण झाडालंय. तीसभर माणसं, आणि गंगव्वा सगळ्यांच्या फुडं, नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून. तिला इंग्रजी कळत न्हाय, हिंदी कळत न्हाय, फुटबॉल तर न्हायच न्हाय. ती आलती एका शब्दासाठी. तीन अक्षरं. र, व, ळू.

मॅच सुरू. आणि ह्यो हिंदीवाला, खोकणारा, म्हणतोय कसा, 'लाल जर्सी में कर्नाटक.' अरं, आमच्या टीव्हीत लाल कुठला? आमास्नी दोन्हीकडचे राखेत लोळून उठल्यागत एकाच रंगाचे. बर, मग नावं तरी घे! घेतोय की, बंगालवाल्यांची घेतोय. ह्यांनी ह्यास्नी दिली, ह्यांनी त्यास्नी दिली, ह्यांचे चुलते बी खेळायचे, ह्यांस्नी मासे आवडत्यात. आणि आमच्याकडं बॉल आला की काय म्हणायचा? 'खिलाड़ी.' 'खिलाड़ी ने गेंद रोकी.' अरं, खिलाडीला आयबापानं नाव ठेवलंय का न्हाय? बारसं केलंय, घुगऱ्या वाटल्यात! देवाप्पा तोंडातल्या तोंडात म्हणाला, 'नाव घ्यायला काय जीभ झिजती व्हय?'

मग इंग्रजीवाला आला. त्यो तर मास्तरासाठीच बोलतोय असं, आम्ही सगळी मास्तराच्या तोंडाकडं बघायचं. 'मास्तर, काय म्हणाला?' 'म्हणाला, थ्रो.' 'थ्रो कुणाचा?' 'ते न्हाय म्हणाला.' परत हिंदीवाला. आता मातूर आमच्या बाजूला बॉल, डावीकडं, लेफ्ट ब्याक, रवळूच असणार, दुसरा कोण असणार? गंगव्वा फुडं सरकली. आणि ह्यो खोकला, आणि म्हणाला, 'रवि लाल.' रवि लाल! आता ह्यो रवि लाल कोण? गंगव्वा मागं वळून माझ्याकडं बघतीया, 'रवळूच्या जागी दुसरं कोण घेतलं का वो?' मी काय सांगू तिला? मास्तर म्हणाले, 'वयनी, त्यांच्या हिंदीत ळ न्हाय.' देवाप्पा तडकला. ळ न्हाय म्हंजे? आमच्याकडं इंग्रजी न्हाय, तरी आम्ही 'डिस्ट्रिक्ट' म्हणतोय का न्हाय? आमच्या तोंडाला 'फ्री' येत न्हाय, आम्ही फिरी म्हणतोय, खरं म्हणतोय की न्हाय! जीभ वाईच मागं वळव, टाळूला लाव, सोड. लेकरू बी करतंय. नाव घ्यायला काय जीभ झिजती व्हय?

आमच्यात लग्नाच्या घरात नव्या नवरीला दारात आडवत्यात, 'नाव घे, मगच आत सोडतो', आणि ती लाजून मान खाली घालती, ते बरं दिसतंय. खरं ह्यो मिशा फुटलेला बाप्या माणूस, सरकारनं माइक दिलाय, ह्यानं कशाला लाजायचं? पाच रविलाल झाले, दोन रावलू झाले, एक डाव नुसतं 'रा… खिलाड़ी' झालं.

आणि मग तज्ज्ञ! हाफटायम व्हायला पाच मिनटं, रवळूच्या बाजूला कायतरी ढकलाढकली झाली, आणि त्यो तज्ज्ञ म्हणाला, काय म्हणाला, 'बाएँ छोर पर खेल बिलकुल बेलगाम हो गया है.' बेलगाम! अवो, सगळं घर उठलं की उभं! बेळगाव म्हणाला, बेळगाव म्हणाला! कुणी शिट्टी मारली, कुणी मास्तराच्या टीव्हीला हळद-कुक्कू लावायला निघालं, गंगव्वानं पदर डोळ्याला लावला. गावाचं नाव आलं, आता पोराचं येणारच. आणि मास्तर आपले गप. माणसानं अशा येळंला गपच बसावं, न्हाय का? खरं मास्तर ते मास्तर. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, 'हिंदीत बेलगाम म्हंजे लगाम नसलेलं. सुटलेलं घोडं. खेळ मोकाट सुटलाय असं म्हणाला त्यो.' उभी माणसं तशीच खाली बसली. गंगव्वानं पदर खाली सोडला. आणि तेच देवाप्पाला लई लागलं.

हाफटायम झाला. च्या आला, देवाप्पानं घेतला न्हाय. मॅच परत सुरू झाली. त्यो खोकणारा खोकला, घसा साफ केला, 'दर्शकों, एक ज़रूरी बात…' एवढंच म्हणाला, आणि देवाप्पा उठला. सरळ टीव्हीजवळ गेला आणि आवाजाचं बटन पिळलं. खट्‌. बंद! चित्र चालू, आवाज बंद. मास्तर 'अवो, अवो' म्हणत राहिले.

'बसा मास्तर,' देवाप्पा म्हणाला. 'ज्याच्या तोंडात माझ्या पोराचं नाव मावत न्हाय, त्याचं काय बी ऐकायचं न्हाय. मी सांगतो मॅच.'

आता ह्या माणसानं उभ्या जल्मात कॉमेंट्री केलेली न्हाय. ह्याला येतंय काय? तिकीट, घंटी आणि स्टॉप. पडद्याच्या बाजूला उभा राहिला, हात वर, जसा बसच्या दारात दांडी धरून उभा राहतोय तसा, आणि सुरू! 'ह्यो आपला गोल म्हंजे बेळगाव स्टँड. पलीकडचा निपाणी. मधली रेघ संकेश्वर. रैऽऽट! बॉल सुटला बेळगावातनं… काकती… काकतीला कोण थांबू नका, फुडं जावा, फुडं मोकळं हाय… हत्तरगी… आरं मागं सरका, वाट द्या… चढला! रवळू चढला! रवळू हत्तरगीत, रवळू संकेश्वरात, रवळूनं बॉल दिला, होल्डान, होल्डान, थांबवा गाडी… गेला बाहीर. घाटात पडला. चला, परत भरा गाडी.'

तुम्हाला सांगतो, तीस माणसं येडी झाली! आणि गंगव्वा! तिला आता सगळं कळालतं. गाडी कुठं हाय, कुठं चाललीया, कोण चढलं, कोण उतरलं. तिचं माहेर कणगल्याचं, सगळी वाट पाठ. बॉल तवंदीच्या घाटात गेला की म्हणायची, 'आता जवळ आली निपाणी.' आणि दर दोन मिनटाला रवळू. रवळूकडं बॉल असू दे न्हायतर नसू दे! रवळू उभा हाय, रवळू बघालाय, रवळूनं पायमोजा वर घेतला. ळ तर असा वळवायचा, की मास्तराच्या कपाटातली कपबशी वाजत हुती. चाळीस डाव घेतलं असंल नाव, कमी न्हाय.

आणि मग त्यो बंगालचा लांब टांगेवाला सुटला. एकटाच, मधनं. देवाप्पाचा आवाज चढला, 'बिगरतिकीट शिरलाय! संकेश्वर… हत्तरगी… कुणी धरा त्याला, काकतीवरनं फुडं आला, स्टँडात शिरतोय…' आणि डावीकडनं एक मुंगी धावत आली, आडवी पडली, आणि बॉल तेवढा काढून घेतला, माणूस खाली. 'उतरवला! माझ्या रवळूनं उतरवला! रवळू देवाप्पा, पिरनवाडी!' आणि हितं त्याचा घसा बसला. बेळगाव-निपाणी अठरा वर्सं वराडून कधी न बसलेला घसा. डोळं पुसत तसाच उभा, आणि आम्ही सगळी टाळ्या वाजवालतो.

मॅच हरली, एक-शून्य. त्याचं काय न्हाय. गोल उजव्या बाजूनं झाला, आमच्या बाजूनं न्हाय.

सोमवारी सकाळी देवाप्पा ड्युटीवर. मान ताठ, घसा बसलेला. मनात तयारीच करून गेलता, आण्णाप्पानं टोमणा मारला तर काय सुनवायचं. आणि आण्णाप्पा शीटवरनं उतरून खाली आला, आणि ह्याचा हात हातात घेऊन म्हणाला, 'मानलं गड्या. घेतलं की नाव!'

कवा? तर दुसऱ्या हाफात. हाफटायमात टीमच्या कोचनं म्हणं वर जाऊन त्या खोकणाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं, शिकवलं. आणि त्यो भला माणूस, मॅच सुरू झाल्या झाल्या काय म्हणाला, 'दर्शकों, एक ज़रूरी बात. हमसे भूल हुई.' माफी मागितली त्यानं! सगळ्या देशाफुडं! आणि मग घेतलं नाव, रवळू, ळ सकट, एक डाव न्हाय, आठ डाव. बेळगावजवळच्या पिरनवाडीचा म्हणाला. बाप बसमधी कंडक्टर हाय म्हणाला! निपाणीनं ऐकलं, संकेश्वरानं ऐकलं, हत्तरगीत च्याच्या हॉटेलात टाळ्या पडल्या. सगळ्या मुलकानं ऐकलं, फकस्त पिरनवाडीत मास्तराच्या घरातल्या तीस माणसांनी सोडून. आता हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

त्या दिवशी बसमधी जो चढंल त्यो, 'कंडक्टर, ऐकलं बरं का!' आणि ह्यो बसक्या आवाजात 'व्हय, व्हय' करत तिकीट फाडालाय. संकेश्वरात गाडी थांबली तवा आण्णाप्पाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, 'कसं म्हणाला रं त्यो? एक डाव म्हणून दाव की.' आण्णाप्पानं खोकून बिकून म्हणून दावलं. कणगल्यात परत. निपाणीत परत.

सांजचं घरला आला. गंगव्वाला सांगायचं का न्हाय, सांगायचं का न्हाय, जेवताना शेवटी सांगितलं सगळं, ताटाकडं बघत. माझ्यापायी तुझं ऐकायचं राहिलं म्हणाला. गंगव्वानं भाकरी वाढली.

'माझं काय राहिलं न्हाय,' ती म्हणाली. 'तुम्ही घेतलासा की चाळीस डाव. पोटभर ऐकलं मी. खरं एक इचारू? काल त्या टीव्हीवाल्याला बोलालतासा, नाव घ्यायला काय जीभ झिजती व्हय म्हणून. सव्वीस वर्सं झाली लग्नाला. मला 'अगं ए' म्हणतासा, 'कुठं गेलीस' म्हणतासा, 'ऐकालीस का' म्हणतासा. माझं नाव घेतलासा कधी? त्यात तर ळ बी न्हाय.'

देवाप्पाचा घास तसाच हातात. बरं, अवघड नाव हाय व्हय? गंगव्वा. गल्लीतलं शेंबडं पोरगं घेतंय. ह्यानं तोंड उघडलं, मिटलं, घसा बसलाय म्हणून खूण केली, पाणी प्याला, परत तोंड उघडलं, कानापतोर तांबडा झाला, आणि एवढा काकतीपासनं निपाणीपतोर गाजलेला माणूस, शेवटाला म्हणाला काय…

'रवळूची आई, च्या टाक.'

चला. 'अगं ए'वरनं तिथवर तर आला.